आधी वाचक, मग गिऱ्हाईक



वाईच्या यंदाच्या स्मृतिव्याख्यानासाठी तुम्ही मला बाजारातला विषय दिलात, याचा मला आनंद आहे. "वेबसाइट केली, पैसे घातले, फोटो टाकले, पण ट्रॅफिकच नाही, काय करायचं?" हा प्रश्न आज स्ट्रॉबेरीवाला विचारतो, हळदवाला विचारतो, मेणवलीच्या वाटेवर चार खोल्या बांधून पाहुण्यांची वाट बघणारा विचारतो आणि संस्थांचे सचिवही विचारतात. उत्तर द्यायला शहरातून कंपन्या येतात. महिन्याला अमुक रुपये, तमुक लेख, पहिल्या पानावर नाव आणून देतो म्हणतात. सहा महिन्यांनी भेटींचा आकडा वाढलेला दिसतो आणि मालाला उठाव मात्र होता तेवढाच असतो.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. आपल्याला जे खरोखर ठाऊक आहे ते वाचकाच्या उपयोगी पडेल असे लिहावे आणि त्या वाचकापर्यंतची वाट आपल्या हातात ठेवावी. वाचक जमला की त्यातून गिऱ्हाईक निघते. हे तंत्र परदेशातून आलेले नवे शास्त्र आहे असे आपल्याला सांगितले जाते. पण आपल्याच मुलखात, कृष्णेच्या खोऱ्यात, शंभर वर्षांपूर्वी ते इतक्या थाटाने करून दाखवलेले आहे की त्याची हकिगत आधी सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. तिथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगर विकणे सोपे नव्हते. लोखंड लागले की जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्याची समजूत होती. पिढ्यान् पिढ्या लाकडी नांगर चालला होता, पोट त्यावर भरत होते, आणि कोणी तरी येऊन सांगत होता की हे लोखंड घे. अशा माणसाला किंमत सांगून, वजन सांगून, मजबुतीची हमी देऊन काय होणार? त्याच्या मनात किमतीची शंका नव्हतीच, त्याच्या मनात भीती होती. भीती जायला कोणी तरी त्याच्या बांधावर बसून बोलावे लागते. हरळी आणि कुंदा उपटून काढायला फाळ किती खोल जावा लागतो, तेवढे खोल लाकूड का जात नाही, हे त्याच्याच भाषेत सांगावे लागते. आधी पटवायचे आणि मग विकायचे, ही सवय त्या कारखान्याला पहिल्या नांगरापासून लागलेली होती.

त्या सवयीला १९२० साली कागद मिळाला. शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. शंकरराव म्हणजे 'शंवाकि'. मूळचे चित्रकार, आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. कारखान्याचे मुखपत्र म्हणून हे पत्र निघाले. अमेरिकेत जॉन डीअर या नांगर करणाऱ्या कंपनीने १८९५ साली 'द फरो' नावाचे शेतकऱ्यांचे मासिक काढले होते, फ्रान्सात मिशेलिन या टायरवाल्यांनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी प्रवासाची मार्गदर्शक पुस्तिका काढली होती. कंटेंट मार्केटिंगवरच्या कुठल्याही व्याख्यानात ही दोन नावे हमखास येतात. त्यांच्या शेजारी किर्लोस्करवाडीचे नाव घ्यायला हवे आणि ते आपणच घ्यायला हवे, दुसरे कोणी घेणार नाही.

मला त्यातला खरा धडा वाटतो तो पुढचा आहे. मुखपत्र हळूहळू मोठे झाले. 'खबर' गळाले, नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरचे, रूढींवर कोरडे ओढणारे निबंध 'किर्लोस्कर'मधून आले. ज्या घरात कधी नांगर जाणार नव्हता, ज्या बाईला पंपाशी काही देणेघेणे नव्हते, अशा घरांत ही मासिके महिन्याच्या महिन्याला जाऊ लागली. आजच्या भाषेत बोलायचे तर हे सगळे वाचक 'चुकीचे' होते. आजचा एखादा सल्लागार असता तर म्हणाला असता की यातून विक्री होत नाही, बंद करा. शंकररावांनी ती वाढवली. परिणाम असा झाला की किर्लोस्कर हे नाव मराठी मध्यमवर्गाच्या घरात सुधारणेचे, उद्योगाचे, नव्या विचाराचे नाव म्हणून रुजले. त्या नावाचा पंप घेताना कोणी दोनदा विचार केला नसेल. जाहिरातीवर कितीही पैसा ओतला तरी असा विश्वास विकत मिळत नाही.

त्यात एक सचोटीही होती. मासिकाच्या नावातच कारखान्याचे नाव होते. हे कोण छापते, कोणाच्या पैशावर छापते, हे वाचकाला पहिल्या पानावर कळत होते. आज पैसे घेऊन केलेली स्तुती मैत्रीच्या सल्ल्यासारखी दाखवली जाते. ती इतकी बोकाळली की जाहिरात मानक परिषदेला २०२१ साली इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी नियम करावे लागले, जाहिरात असेल तर तसे लिहा म्हणून बजावावे लागले. शंकररावांच्या वाचकाला अशा नियमाची गरज पडली नाही.

आता वाटेविषयी. किर्लोस्करवाडी आडगाव होती, पण आगगाडी होती आणि टपाल होते. नोंदणी झालेल्या नियतकालिकांना टपालखर्चात सवलत मिळे. वर्गणीदाराचे नाव आणि पत्ता संपादकाच्या वहीत असे. अंक टपालात पडला की पोस्टमन तो पोचवी. आत काय लिहिले आहे, ते त्याला आवडले की नाही, हा त्याचा प्रश्नच नव्हता. गेल्या पंचवीस वर्षांत जे बदलले ते नेमके हे बदलले. आजचा पोस्टमन पत्रे उघडून वाचतो, कोणाचे पत्र आधी द्यायचे ते ठरवतो, काही पत्रे देतच नाही, आणि अलीकडे तर दारातच उभा राहून सारांश वाचून दाखवतो आणि पत्र परत घेऊन जातो.

हे टप्प्याटप्प्याने कसे झाले ते पाहू, कारण प्रत्येक टप्प्यावर मराठी माणसाने पैसे आणि कष्ट घातले आहेत.

सुरुवातीला मराठी मजकूर जाळ्यावर होता, पण सापडत नव्हता. प्रत्येक वर्तमानपत्राचा, प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा. पडद्यावर 'सातारा' दिसे, पण आत इंग्रजी अक्षरांचा आणि खुणांचा नुसता काला असे. शोधयंत्राला तो काला दिसे, सातारा दिसत नसे. युनिकोडमध्ये देवनागरी पहिल्या आवृत्तीपासून, म्हणजे १९९१ पासून होती. पण छापखान्यांची, कचेऱ्यांची आणि दैनिकांची सवय मोडून ती सर्रास वापरात यायला पुढची पंधरा-वीस वर्षे गेली. त्या काळात लिहिले गेलेले कितीतरी चांगले मराठी आज शोधूनही सापडत नाही. काही संस्थांकडे जुन्या फॉन्टमधल्या फायली अजून पडून आहेत. त्या बदलून घेणे हे नवा लेख लिहून घेण्यापेक्षा पुष्कळदा स्वस्त पडते आणि जास्त उपयोगी ठरते. हे मी आज इथल्या संस्थांना मुद्दाम सांगतो.

मग कीवर्डचे दिवस आले. एकच शब्द पानात तीस वेळा घालायचा, पांढऱ्या पानावर पांढऱ्या अक्षरांत गावांची नावे लपवायची, एकमेकांना दुवे देणाऱ्या पन्नास खोट्या साइट उभ्या करायच्या. काही वर्षे ते चालले. गूगलने २०११ च्या फेब्रुवारीत 'पांडा' नावाचा बदल आणला आणि निकृष्ट मजकुराच्या साइट खाली ढकलल्या. २०१२ च्या एप्रिलमध्ये 'पेंग्विन' आला आणि विकतच्या दुव्यांवर घाव बसला. मराठीत हा रोग जरा उशिरा आला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला, गावोगावी मराठीतून शोध सुरू झाले. २०१८ साली गूगलच्या जाहिरातींनी मराठी साइटना दारे उघडली आणि मराठी पानावरही कमाई होऊ लागली. त्याबरोबर माहितीच्या साइटचे पीक आले. 'माझी शाळा' निबंध, घरगुती उपाय, किल्ल्यांची माहिती, सणांचे महत्त्व. एकाने लिहायचे, दहांनी उचलायचे, प्रत्येकाने दोन ओळी बदलायच्या. दहा पाने वाचली तरी पहिल्यापेक्षा एक अक्षर जास्त कळत नाही. या पानांनी मराठी वाचकाचा वेळ खाल्लाच, पण मराठीत शोधून काही मिळत नाही ही समजूतही घट्ट केली. हे नुकसान मला कमाईच्या हिशोबापेक्षा फार मोठे वाटते.

त्याच सुमारास सगळे फेसबुकवर गेले. दुकानांनी पाने काढली, हजारो माणसे जमवली, वेबसाइटकडे दुर्लक्ष केले. २०१८ च्या जानेवारीत फेसबुकने ठरवले की घरच्यांच्या आणि मित्रांच्या गोष्टी वर दाखवायच्या आणि पानांच्या खाली. ज्यांनी वर्षानुवर्षे माणसे जमवली होती त्यांचा आवाज त्या माणसांपर्यंत पोचेनासा झाला. टिकटॉकचे तर त्याहून वाईट झाले. गावाकडच्या किती पोरापोरींनी तिथे आपला प्रेक्षक उभा केला होता! शेतातली, गोठ्यातली, चुलीपुढची मराठी तिथे ऐकू येत होती. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ अॅपवर बंदी घातली आणि एका रात्रीत तो प्रेक्षक गेला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय आहे. त्या मुलांच्या हाती आपल्या प्रेक्षकांपैकी एकाचाही पत्ता राहिला नाही, हे मला आजही लागते. 'किर्लोस्कर'च्या कचेरीतली वर्गणीदारांची वही त्यांच्याकडे नव्हती.

आणि आता यंत्राचे उत्तर. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले. २०२४ मध्ये गूगलने शोधाच्या निकालांच्या डोक्यावर स्वतःच तयार केलेला सारांश दाखवायला सुरुवात केली, मे महिन्यात अमेरिकेत आणि ऑगस्टमध्ये भारतात. वाचक प्रश्न विचारतो, उत्तर तिथल्या तिथे वाचतो आणि निघून जातो. ज्यांच्या पानांवरून ते उत्तर जुळवले त्यांच्याकडे तो फिरकतही नाही. शिवाय त्याच यंत्राने रोज शंभर लेख पाडता येतात. तेही सुरू झाले, आणि २०२४ च्या मार्चमध्ये गूगलला अशा घाऊक मजकुराविरुद्ध नियम कडक करावे लागले. मी हे यंत्राच्या द्वेषाने बोलत नाही. तोंडओळखीची माहिती, व्याख्या, अंतर, तारीख हे सगळे ते झटकन देते आणि वाचकाचा त्यात फायदाच आहे. 'वाई ते महाबळेश्वर किती किलोमीटर' एवढेच सांगणारे पान आता कोणी उघडणार नाही. ते पान गेले याचे दुःख करू नये.

मग उघडण्याजोगे पान कोणते? त्यासाठी मी तुम्हाला तुमच्याच गावातल्या एका कामाकडे नेतो.

१९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष झाले आणि मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्यात न राहता वाईत आले. पहिला खंड १९७६ साली निघाला, पुढे वीस खंड झाले आणि आता ते सगळे इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. कोणतीही नोंद उघडा आणि तिची ठेवण पाहा. विषयाची सुरुवात नेमक्या ओळीने होते. मध्ये दुसऱ्या नोंदींकडे बोट दाखवलेले असते. शेवटी 'पहा' म्हणून संबंधित नोंदी दिलेल्या असतात, मग संदर्भग्रंथ, आणि तळाशी लिहिणाऱ्याचे नाव, आडनाव आधी. आज वेबसाइटवाल्यांना जे महागडे प्रशिक्षण देतात त्यातला मोठा भाग एवढ्यातच आहे. आतल्या पानांना आतून जोडा, आधार द्या, लिहिणारा कोण ते सांगा. गूगलने मजकुराची पारख करणाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका ठेवली आहे तिच्यात जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता हे निकष होतेच. २०२२ च्या डिसेंबरात गूगलने तिच्यात स्वानुभवाची भर घातली. लिहिणाऱ्याने ती गोष्ट स्वतः केली आहे का, पाहिली आहे का, हा तो प्रश्न. विश्वकोशाच्या संपादकांनी कुठल्याही शोधयंत्राला खूश करायचे म्हणून नावे छापली नव्हती. वाचकाला जबाबदार माणूस दिसावा म्हणून छापली होती.

आता स्वानुभवाचे एक उदाहरण जवळून पाहू. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हरिपूरच्या पेवांत, जमिनीखाली, पिढ्यान् पिढ्या हळद साठवली गेली. वाई तालुक्यातही हळद होते. इतके असूनही हळद विकणाऱ्या बहुतेक साइट उघडल्या की तेच वाचायला मिळते. हळद गुणकारी आहे, प्राचीन काळापासून वापरतात, दुधातून घ्यावी. हे यंत्र आपल्यापेक्षा चांगले लिहील. पण ज्याने काहिलीशेजारी उभे राहून हळद शिजवली आहे त्याला काय ठाऊक असते? फेस कधी येतो, वाफेचा वास कधी बदलतो, हळकुंडात काडी टोचली की ती कशी अलगद आत गेली पाहिजे. कमी शिजले तर काय होते, जास्त शिजले तर रंग कसा मरतो. जेठे गड्डे वेगळे का शिजवायचे, बाष्पाच्या कुकरवर आल्यावर जळण किती वाचले, उन्हात किती दिवस लागले, पॉलिशच्या ड्रममध्ये वजन किती घटले. ओल्या दहा पोत्यांची शेवटी किती भरली. ही वही प्रत्येक हळदवाल्याच्या घरात आहे, निदान त्याच्या डोक्यात तरी आहे. ती यंदाच्या तारखांसह आणि आपल्याच काहिलीच्या फोटोसह पानावर मांडा. ते वाचणाऱ्यांत पहिले असतील दुसरे शेतकरी. त्यांच्यापाठोपाठ पुण्यातली एखादी गृहिणी येईल, जिला आपली हळद कुठून येते ते कळून घ्यायचे आहे. तिच्यामागून एखादा मसाल्याचा कारखानदार येईल. यंत्राने यातले उचलले तरी पुढच्या वर्षीची नोंद त्याच्याकडे असणार नाही. ती घ्यायला लोकांना तुमच्याकडेच यावे लागेल.

इथे एक शंका दरवेळी निघते. आपले गुपित फुटेल, शेजारी उचलेल. 'किर्लोस्कर' वाचून कोणी दुसरा नांगराचा कारखाना काढला असता तर काढू दे, एवढी छाती त्या लोकांना होती. कसब हातात असते, ते सांगितल्याने कमी होत नाही आणि सांगणाऱ्याची पत मात्र वाढते.

वाटेचे काय करायचे तेही सांगतो. शोधातून येणारा वाचक पाहुणा आहे, तो आज येईल, उद्या येणार नाही. त्याला पहिल्याच भेटीत विचारा, पुढच्या हंगामात कळवू का? ज्याने हो म्हटले त्याचा ईमेल किंवा व्हॉट्सअॅपचा नंबर नीट लिहून ठेवा, आणि त्याच्या परवानगीशिवाय त्याला काही पाठवू नका. रोज शुभसकाळ पाठवणारा दुकानदार आठ दिवसांत म्यूट होतो. महिन्यातून एक पत्र, पण त्यात काही तरी कळले पाहिजे. स्ट्रॉबेरीची लागवड झाली, पहिली फुले आली, अवकाळीने इतके नुकसान केले, या आठवड्यात फळ लहान आहे पण गोड आहे. नुकसानीची बातमीही लिहा. ती लिहिणाऱ्याच्या चांगल्या बातमीवर लोक विश्वास ठेवतात. इन्स्टाग्राम, यूट्यूब, गूगल सगळे वापरा, तिथून माणसे आणा, पण लेख, फोटो आणि पत्ते यांची मूळ प्रत आपल्या नावाच्या डोमेनवर आणि आपल्या कपाटात असू द्या.

आकड्यांबद्दल एकच सांगतो. महिन्याला किती भेटी झाल्या हे विचारणे सोडून द्या. किती जणांनी फोन केला, किती जण दुसऱ्यांदा आले, किती जणांनी तुमचे नाव टाइप करून शोधले, हे विचारा. हळदवाल्याला शोधताना 'चांगली हळद' असे शोधणारा वेगळा आणि तुमच्या नावाने शोधणारा वेगळा. दुसरा माणूस यंत्राचा सारांश वाचून परत जात नाही, कारण त्याला उत्तर नको आहे, तुम्ही हवे आहात. किर्लोस्करवाडीने दहा-पंधरा वर्षांत असे नावाने विचारणारे लोक घडवले. दहा-पंधरा वर्षे हा मुदतीचा आकडा ऐकून घाबरू नका, पण सहा महिन्यांत होईल असे सांगणाऱ्याला पैसेही देऊ नका.

भाषेचा प्रश्न राहिला. पर्यटक इंग्रजीत शोधतो, निर्यातदार इंग्रजीत शोधतो, मग मराठीत कशाला लिहायचे असे मला विचारतात. माझा आग्रह आहे की मूळ मराठीत लिहा. ज्याला काहिलीचे, पेवाचे, भरणीचे ज्ञान आहे तो मराठीत विचार करतो, आणि ते ज्ञान त्याच्याच तोंडून उतरले तर त्यात कस राहतो. त्यावरून इंग्रजी पान करून घेणे आज सोपे आहे, यंत्राची मदत घ्या, जाणकाराकडून तपासून घ्या. उलटे करू नका. इंग्रजीतून यंत्राने केलेल्या मराठीने भरलेली पाने आधीच भरपूर झाली आहेत आणि वाचक ती पहिल्या दोन ओळींत ओळखतो. चांगले, हाताने लिहिलेले मराठी पान अजून इतके थोडे आहे की ते लिहिणाऱ्याला आपल्या विषयात पहिले येण्याची संधी आहे. घेवड्याचा, हळदीचा, स्ट्रॉबेरीचा, घाटावरच्या देवळांच्या डागडुजीचा, मेणवलीच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांचा असा एकेक विषय इथे कोणाच्या तरी हाती आहे. या सभागृहातल्या दहा जणांनी एकेक विषय धरला आणि दर महिन्याला एक पान, खाली स्वतःचे नाव घालून, लिहिले तर वर्षाला एकशेवीस पाने होतात. जुन्या फॉन्टमधल्या फायली युनिकोडमध्ये आणायच्या संस्था आणि ही पाने लिहिणारे लोक यांची एक बैठक पुढच्याच आठवड्यात घ्यावी, असे मी व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना सुचवतो. मी येईन. प्रश्नांसाठी आता वेळ आहे, विचारा.